चौदा वर्षं, नऊ महिने : जिम मार्टिन नावाचा सैनिक

आजच्या भागाचं हे लिखित रूप. कानात इअरफोन घालून ऐकायला वेळ नसेल तर लोकलमध्ये उभ्या उभ्या वाचून काढा. आज आपण एका मुलाबद्दल बोलणार आहोत. मुद्दाम 'मुलाबद्दल' म्हणतोय, कारण सरकारी कागदावर तो 'सैनिक' आहे आणि तो कागद खोटा आहे.

तारीख १२ एप्रिल १९१५. ठिकाण ऑस्ट्रेलियातलं मेलबर्न शहर. जेम्स चार्ल्स मार्टिन, घरचं नाव जिम, सैन्यभरतीच्या टेबलापुढे उभा राहतो आणि वय सांगतो, अठरा. प्रत्यक्षात त्याचा जन्म ३ जानेवारी १९०१ चा. म्हणजे त्या दिवशी त्याचं वय चौदा वर्षं तीन महिने. आपल्या हिशेबात सांगायचं तर आठवी संपवून नववीत जाणारा पोरगा. त्याचा अर्ज मंजूर झाला. त्यानंतर १९६ दिवसांनी तो गेला.

पहिल्या महायुद्धात मरण पावलेला ऑस्ट्रेलियाचा सर्वांत लहान सैनिक म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. 'सर्वांत लहान' ही पाटी ऐकायला एखाद्या विक्रमासारखी वाटते ना? आजच्या भागात ही पाटी जरा बाजूला ठेवू आणि एक साधा प्रश्न विचारू. चौदा वर्षांचा मुलगा युद्धाच्या खंदकात पोचलाच कसा? त्याला कुणी पळवून नेलं नव्हतं. वाटेत किती जणांनी 'हो' म्हटलं, ते मोजत जाऊ.

घर

जिमचा जन्म न्यू साउथ वेल्समधल्या टोकमवाल या गावातला, मरे नदीच्या काठावरचा. सहा भावंडांत तो तिसरा आणि एकुलता एक मुलगा. बाकी पाच बहिणी. वडील चार्ल्स मूळचे न्यूझीलंडचे. त्यांनी पोटासाठी बरेच उद्योग केले, किराण्यात काम केलं, घोडागाडी हाकली. आई अमेलिया घरात भाडेकरू ठेवून त्यांचं जेवणखाण बघायची. कामाच्या मागे गावं बदलत बदलत हे कुटुंब शेवटी मेलबर्नच्या हॉथॉर्न उपनगरात स्थिरावलं. जिम तिथल्याच मॅनिंगट्री रोडच्या सरकारी शाळेत शिकला आणि शाळा सोडल्यावर शेतावर मजुरीला लागला.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. त्या काळात चौदाव्या वर्षी शाळा सोडून कामाला लागणं यात नवल काहीच नव्हतं. कष्टकरी घरातल्या पोराचं बालपण तिथेच संपायचं. शेतात राबून अंग भरलं, आवाज फुटला, की तो 'मोठा' झाला. 'टीनएजर' हा वेगळा प्रकार असतो, ही कल्पनाच अजून रुजायची होती.

दुसरी गोष्ट म्हणजे शाळेतली कवायत. ऑस्ट्रेलियात १९११ पासून मुलांना सक्तीचं लष्करी प्रशिक्षण सुरू झालं होतं. बाराव्या वर्षापासून ज्युनियर कॅडेट. आपल्या एनसीसीसारखंच म्हणा, फक्त इथे नाव द्यायचं की नाही हे तुमच्या हातात नव्हतं. जिमनेही ही कवायत केली होती. म्हणजे रांगेत उभं राहणं, सलाम ठोकणं, हुकूम ऐकणं हे त्याला भरतीच्या आधीच येत होतं. सैन्य त्याच्यासाठी अनोळखी नव्हतं. तो शाळेचाच पुढचा वर्ग होता.

देश

ऑगस्ट १९१४ मध्ये ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं आणि ऑस्ट्रेलिया आपोआप त्यात ओढला गेला. तेव्हा या देशाची लोकसंख्या पन्नास लाखांच्याही आत होती, म्हणजे आजच्या पुणे-पिंपरी परिसरापेक्षा कमी. परदेशात लढायला म्हणून एक नवीन फौज उभारली गेली, ऑस्ट्रेलियन इम्पीरियल फोर्स. या फौजेत सगळे स्वयंसेवक. युद्ध संपेपर्यंत चार लाखांहून जास्त लोकांनी नाव नोंदवलं आणि त्यातले साठ हजारांच्या आसपास मेले.

लोक का जात होते? कारणं मिसळलेली होती. साम्राज्यावरची निष्ठा होती, जग बघायची हौस होती, मित्र गेला म्हणून आपणही जायचं हेही होतं. आणि पगार होता. दिवसाला सहा शिलिंग. ब्रिटिश सैनिकाला तेव्हा साधारण एक शिलिंग मिळायचा. थट्टेने लोक या पोरांना 'सहा शिलिंगवाले पर्यटक' म्हणायचे.

आता मार्टिन कुटुंबाकडे येऊ. आधी वडील भरतीला गेले. ते नापास झाले. घरी सांगितलं जातं ते असं, की बाप निराश होऊन परत आला तेव्हा जिमने त्याची समजूत काढली, तुम्ही नाही तर मी जातो. हे वाक्य नेमकं कसं उच्चारलं गेलं ते सोडून द्या, पण त्यातला हिशेब बघा. एका घरात दोनच पुरुष. चाळिशीतला बाप सैन्याला नको, आणि चौदा वर्षांचा मुलगा चालतो.

फॉर्म

मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो. दिवसातले कित्येक तास फॉर्म बनवण्यात जातात. फॉर्म बनवणाऱ्याला एक गोष्ट पहिल्या महिन्यात कळते : समोरचा माणूस रकान्यात काय भरतोय, त्यावर विश्वास ठेवायचा नसतो. तपासायचं असतं. आणि जिथे तपासणी नाही, तिथे नियम कितीही कडक असो, तो फक्त सजावट असतो.

एआयएफचा नियम काय होता? स्वतःच्या मर्जीने भरती व्हायचं तर वय एकवीस. आई-वडिलांची लेखी परवानगी असेल तर अठरा. चौदा ते सतरा वयाची मुलं फक्त बिगूल वाजवायला, बँडमध्ये वगैरे घेता यायची. कागदावर छान नियम आहे. पण जन्माचा दाखला कुणी मागायचं नाही. वय म्हणजे उमेदवार तोंडाने सांगेल तो आकडा. डॉक्टर उंची मोजायचा, छाती मोजायचा, डोळे, दात, पाय बघायचा. वय मोजायचं यंत्र त्याच्याकडे नव्हतं, आणि जिम वयाच्या मानाने उंच, अंगाने भरलेला होता.

म्हणजे अख्ख्या व्यवस्थेत खरी तपासणी एकाच जागी होती, आई-वडिलांची सही. ज्यांना मुलाचं वय नक्की माहीत आहे अशी जगातली दोनच माणसं, आणि सरकारने सगळा भार त्यांच्यावर टाकलेला.

मग त्यांनी सही का केली?

जिमने घरी अट घातली होती. तुम्ही सही केली नाहीत तर मी पळून जाईन, दुसऱ्या नावाने भरती होईन आणि तुम्हाला कधीच पत्र लिहिणार नाही. सही केलीत तर लिहीन.

आता अमेलियाच्या जागी बसून विचार करा. पोरगा हट्टी आहे. खोट्या नावाने भरती होणारी मुलं आजूबाजूला दिसताहेत. तो तसा गेला तर तो कुठे आहे, जिवंत आहे की नाही, कुठल्या जहाजावर चढला, काहीच कळणार नाही. मेला तर तार दुसऱ्याच नावाच्या घरी जाईल, किंवा कुठेच जाणार नाही. सही केली तर निदान नाव खरं राहील. निदान पत्र येईल. आई-बापाने कागदावर मुलाला अठराचा केला, तो एका पत्राच्या आशेवर.

आज आपण सहज म्हणू शकतो, नसती केली सही तर काय झालं असतं? सरकारला कळवायचं होतं, याचं वय चौदा आहे. तसं कळवणारे पालक होते, आणि त्यांची मुलं परतही पाठवली गेली. म्हणजे दार बंद नव्हतं. पण ते दार उघडणं म्हणजे स्वतःच्या मुलाला साऱ्या गल्लीसमोर खोटा पाडणं. आणि ज्या गल्लीतून रोज कुणीतरी गणवेश घालून निघतंय, तिथे 'माझ्या पोराला परत पाठवा' म्हणणं सोपं नव्हतं.

आतापर्यंत किती 'हो' झाले? टेबलावरचा कारकून, डॉक्टर, आई, वडील. आणि तारीख पुन्हा बघा, १२ एप्रिल. बरोबर तेरा दिवसांनी, २५ एप्रिलला, ऑस्ट्रेलियन आणि न्यूझीलंडच्या सैनिकांनी गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर पाय ठेवला. मृतांच्या याद्या मेलबर्नच्या वर्तमानपत्रांत यायला लागल्या तेव्हा जिम गणवेशात कवायत करत होता. युद्ध म्हणजे काय हे घरात कळलं, पण सही झाल्यावर.

जहाज

२८ जून १९१५ ला 'बेरिमा' नावाच्या जहाजातून जिम मेलबर्नहून निघाला. पलटण २१वी, शिपाई क्रमांक १५५३. जहाज इजिप्तला पोचलं, तिथे थोडं प्रशिक्षण झालं, आणि ऑगस्टच्या शेवटी पलटण अलेक्झांड्रियाहून 'साउथलँड' नावाच्या जहाजावर चढली. पुढचा मुक्काम एजियन समुद्रातलं लेम्नोस बेट, तिथून गॅलिपोली.

२ सप्टेंबरला, लेम्नोस जवळ आलेलं असताना, एका जर्मन पाणबुडीचा टॉर्पेडो 'साउथलँड'वर येऊन आदळला. माणसं होड्यांकडे धावली, काही होड्या उलटल्या. चाळीसच्या आसपास माणसं दगावली. जिमच्या ब्रिगेडचे प्रमुख कर्नल लिंटन हेही त्यात गेले. जहाज मात्र बुडालं नाही. काही सैनिक आपण होऊन परत वर चढले, बॉयलरमध्ये कोळसा टाकत राहिले आणि ते जखमी जहाज त्यांनी किनाऱ्याला लावलं.

जिम पाण्यात होता. चार तास. मग त्याला उचललं गेलं.

इथे मी वाचताना थांबलो होतो. कारण गोष्ट इथे संपू शकली असती. पोरगं चार तास समुद्रात तरंगून बाहेर आलंय, थिजलंय. कुणीतरी त्याच्याकडे नीट बघून विचारायला हवं होतं, बाळा, तुझं खरं वय काय? आणि त्यानेही एका वाक्यात सांगितलं असतं तर तो घरी गेला असता. त्याच्याकडे परतीचं तिकीट कायम खिशात होतं. एकच वाक्य, मी चौदा वर्षांचा आहे. तो ते बोलला नाही. सहा दिवसांनी, ८ सप्टेंबरला, तो गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरला.

गॅलिपोली म्हणजे काय भानगड?

ज्यांना नकाशा डोळ्यापुढे नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. तुर्कस्तानात एजियन समुद्रातून इस्तंबूलकडे जाणारी एक चिंचोळी सामुद्रधुनी आहे, दार्दानेल्स. तिच्या एका बाजूला जिभेसारखी लांबट जमीन, ती गॅलिपोली. तेव्हा हे सगळं ऑटोमन साम्राज्याचं, आणि ऑटोमन जर्मनीच्या बाजूने. ब्रिटिश आणि फ्रेंचांचा बेत असा, की सामुद्रधुनी फोडायची, इस्तंबूल गाठायचं, ऑटोमनांना युद्धातून बाहेर काढायचं आणि रशियाला जाणारा समुद्री रस्ता मोकळा करायचा. मार्च १९१५ मध्ये नौदलाने प्रयत्न केला, तो फसला. मग एप्रिलमध्ये पायदळ उतरवलं.

पायदळ उतरलं आणि किनाऱ्यालाच चिकटून बसलं. समोर उभे कडे, घळी, काटेरी झुडपं आणि वर तुर्की सैनिक. ऑगस्टमध्ये वरची शिखरं घ्यायचा मोठा हल्ला झाला, तोही अपयशी. म्हणजे जिम पोचला तेव्हा मोठ्या लढाया होऊन गेल्या होत्या. उरलं होतं ते खंदकात बसून राहणं. पाठीशी समुद्र, समोर शत्रू, आणि दोघांच्या मधला पट्टा काही ठिकाणी हाताच्या अंतरावर.

जिमच्या पलटणीला कोर्टनीज पोस्टच्या आसपासची जागा मिळाली. वायर गली नावाच्या घळीजवळ तो पहाऱ्याला होता. त्याने घरी लिहिल्याप्रमाणे तुर्की खंदक साधारण सत्तर यार्डांवर होते. सत्तर यार्ड म्हणजे चौसष्ट मीटर. क्रिकेटच्या मोठ्या मैदानात खेळपट्टीपासून सीमारेषा असते, साधारण तेवढं. तिथला माणूस खोकला तर ऐकू येतो.

पण खरा शत्रू त्या सत्तर यार्डांपलीकडे नव्हता. तो खंदकातच होता.

पाणी बघा. त्या कड्यांवर पिण्याचं पाणी जवळजवळ नव्हतंच. ते जहाजातून यायचं, किनाऱ्यावर साठवलं जायचं आणि तिथून वर चढवलं जायचं. माणशी वाट्याला थोडंसं, त्यातच प्यायचं, त्यातच तोंड धुवायचं. जेवण म्हणजे डब्यातलं खारट मांस आणि दगडासारखी बिस्किटं. संडास खंदकांना लागूनच. दोन फळ्यांमधल्या पट्ट्यात न पुरलेली प्रेतं, महिनोन्महिने. आणि या सगळ्यावर माशा. इतक्या, की बिस्किटावर जॅम लावून तोंडाशी नेईपर्यंत तो काळा व्हायचा. हगवण आणि विषमज्वर, म्हणजे टायफॉइडसारखे आजार, संपूर्ण फौजेत पसरले होते. शरद ऋतूत लोक गोळ्यांपेक्षा आजारानेच जास्त बाहेर काढले जात होते.

इथे एक आपला धागाही आहे. ते पाणी, ती बिस्किटं, तो दारूगोळा किनाऱ्यावरून कड्यांवर चढवायचं काम कोण करत होतं? मोठ्या प्रमाणावर भारतीय. ब्रिटिश भारतीय सैन्याच्या खेचरगाड्यांच्या तुकड्या तिथे होत्या आणि त्यांचे खेचरवाले रात्री अंधारात, अरुंद वाटांवरून ही चढण करायचे. २५ एप्रिलला पहिल्याच दिवशी भारतीय पहाडी तोफखान्याच्या तुकड्या ऑस्ट्रेलियनांबरोबर उतरल्या होत्या. शीख आणि गुरखा पलटणीही या मोहिमेत लढल्या. एकूण पंधरा-सोळा हजार भारतीय गॅलिपोलीला गेले. जिमने प्यायलेल्या पाण्याचा एखादा डबा तरी कुठल्यातरी भारतीय माणसाच्या खेचराच्या पाठीवरून वर आला असणार.

आणि समोरच्या खंदकात? तिथेही पोरंच. तुर्कस्तानात आजही एक लोकगीत गायलं जातं, ते रूमी सन १३१५ मध्ये जन्मलेल्या, म्हणजे तेव्हा पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांच्या भरतीशी जोडलं जातं. सत्तर यार्डांच्या दोन्ही टोकांना एकाच वयाची मुलं बसली असतील तर त्यात आश्चर्य नाही.

पत्र

जिमने शब्द पाळला. तो घरी पत्रं लिहीत राहिला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला त्याने खंदकातून लिहिलेलं पत्र टिकून आहे. सूर असा, की माझी काळजी करू नका, माझं इथे उत्तम चाललंय. चौदा वर्षांचा मुलगा हॉस्टेलवरून घरी फोन करून जसं सांगतो ना, मेसचं जेवण छान आहे, तसंच.

पण त्याच पत्रात एक तक्रार आहे. घर सोडल्यापासून त्याला एकही पत्र मिळालेलं नाही.

घरून पत्रं जात नव्हती असं नाही. पण युद्धातलं टपाल म्हणजे जहाज, तळ, पलटण, पुन्हा जहाज. पलटण हलली की पत्रं मागे राहायची. म्हणजे ज्या पत्राच्या वचनावर हा सगळा सौदा झाला होता, ते वचन मुलाने आपल्या बाजूने पूर्ण केलं. आई-वडिलांनीही केलं असणार. फक्त त्यांचे शब्द त्याच्यापर्यंत पोचत नव्हते. इथे आपण दोन निळ्या टिका दिसल्या नाहीत तर अर्ध्या तासात अस्वस्थ होतो. तो तीन महिन्यांहून जास्त काळ घराच्या एका ओळीविना होता.

ऑक्टोबरच्या मध्यावर हवामान फिरलं. थंडी आणि पाऊस सुरू झाला, खंदकांत चिखल साचला. जिमला हगवण लागली होती, ताप होता. तरी तो दवाखान्यात गेला नाही, आपल्या जागेवरच राहिला. का? आपण अंदाज करू शकतो. आजारी पडून परत जाणं म्हणजे 'लहान पोरगं' ठरणं. ज्याने सगळ्यांना आपण मोठे आहोत म्हणून सांगितलंय, त्याला सर्वांत जास्त भीती याचीच असते.

२५ ऑक्टोबर १९१५ ला त्याला उचलून 'ग्लेनार्ट कॅसल' या हॉस्पिटल शिपवर आणलं गेलं. निदान विषमज्वर. अवस्था फार वाईट होती. तिथल्या मेट्रन फ्रान्सेस रेडॉक यांनी त्याच्या आईला नंतर पत्र लिहिलं. त्याला स्वच्छ करून, आरामात झोपवलं होतं. त्याने सगळ्यांचे आभार मानले, आता बरं वाटतंय म्हणाला आणि झोपायला लागला. संध्याकाळी सहा चाळीसला त्याचं हृदय थांबलं.

वय चौदा वर्षं नऊ महिने. गॅलिपोलीवर उतरल्यापासून ४७ दिवस. त्याला समुद्रात विसर्जित केलं गेलं. ज्या समुद्राने त्याला सप्टेंबरमध्ये चार तासांनी परत दिलं होतं, त्यातच.

अजून दोन महिने पूर्ण व्हायच्या आत, १९ आणि २० डिसेंबरच्या रात्रींत, उरलेली अँझॅक फौज गुपचूप तो किनारा सोडून निघून गेली. जानेवारीत मोहीमच गुंडाळली गेली. आठ हजारांहून जास्त ऑस्ट्रेलियन मेले, तुर्कांकडचे त्याच्या कित्येक पट, आणि सामुद्रधुनी होती तिथेच राहिली.

खरं वय

आता या गोष्टीतला जो भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, तो सांगतो.

सैन्याच्या कागदावर जिम अठराचा होता. तसाच तो मेला असता तर आज तो त्या याद्यांमधलं आणखी एक नाव असता. कुणी थांबून बघितलंच नसतं. पण त्याच डिसेंबरात मेलबर्नच्या 'हेराल्ड' या वर्तमानपत्रात बातमी आली, त्यात त्याचं खरं वय होतं. हे वय सैन्याकडे नव्हतं. ते फक्त घरात होतं.

म्हणजे ज्या घराने एप्रिलमध्ये खोट्या वयावर सही केली, त्याच घरातून डिसेंबरमध्ये खरं वय बाहेर आलं. एप्रिलमध्ये ते सांगितलं असतं तर मुलगा परत आला असता. डिसेंबरमध्ये सांगितल्याने त्याचं मूलपण तेवढं परत आलं. अमेलियाला हा फरक रोज किती टोचला असेल, याची कल्पना करायला कुठला कागद लागत नाही.

मग दोष कुणाचा? कारकुनाने नियमाप्रमाणे विचारलं. डॉक्टरने नियमाप्रमाणे तपासलं. आई-बापाने मुलगा हातचा जाऊ नये म्हणून सही केली. पलटणीतल्या माणसांना तो तरणाबांड सोबती वाटला. कुणीही खलनायक नाही. प्रत्येकाने फक्त एक छोटा 'हो' म्हटला आणि मोठ्या 'नाही'ची जबाबदारी पुढच्यावर ढकलली. सरकारला माणसं हवी होती, त्यामुळे सरकारने असा फॉर्म बनवला जो खोटं पकडणारच नाही. ही चूक नव्हती. ज्याला तपासायचं असतं तो दाखला मागतो. ज्याला आकडा वाढवायचा असतो तो मागत नाही.

अशी मुलं किती होती, हे नक्की मोजताच येत नाही, कारण ज्याचं खोटं पचलं तो कागदावर अठराचाच राहिला. जिम सापडतो, कारण त्याच्या घरच्यांनी ते बोलून दाखवलं.

नाव

जिमची कबर नाही. गॅलिपोलीवरच्या लोन पाइन स्मारकावर त्याचं नाव आहे, कबर नसलेल्या आणि समुद्रात विसर्जित केलेल्या ४,९०० हून जास्त नावांमध्ये. कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन वॉर मेमोरियलमध्ये एक लांब भिंत आहे, तिच्यावर देशासाठी मेलेल्या एक लाखाहून जास्त लोकांची नावं ब्राँझच्या पट्ट्यांवर कोरली आहेत. तिथे हुद्दे लिहिलेले नाहीत. कर्नल आणि शिपाई शेजारी शेजारी. वयही लिहिलेलं नाही. लेखक अँथनी हिल यांनी २००१ मध्ये 'सोल्जर बॉय' हे पुस्तक लिहिलं, त्यातून जिमची गोष्ट तिथल्या शाळकरी मुलांपर्यंत पोचली. दर २५ एप्रिलला अँझॅक दिन साजरा होतो, पहाटेच्या अंधारात लोक जमतात आणि त्याची आठवण निघते.

आता जरा आपल्याकडे बघा. जिम गेला त्याच शरदात, त्याच ऑटोमन साम्राज्याशी, आपल्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढत होत्या. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफोनची लढाई, मग कुत अल अमाराचा वेढा, एप्रिल १९१६ मध्ये शरणागती आणि नंतर कैद. कोकणात आणि साताऱ्याकडे अनेक गावांत अजूनही एक छोटी संगमरवरी पाटी सापडते. या गावातून इतके लोक महायुद्धावर गेले, त्यातले इतके मेले. बस. आकडा आहे, नाव नाही. वयाचा तर प्रश्नच नाही. त्यांच्यात कुणी चौदाचा होता का, हे विचारायला आपल्याकडे धागाच उरलेला नाही. तुमच्या गावात चावडीजवळ, शाळेच्या भिंतीत, देवळाच्या आवारात अशी पाटी असेल तर एकदा थांबून वाचा. आणि घरात कुणा म्हाताऱ्या माणसाला त्यातल्या एखाद्याचं नाव आठवत असेल तर आजच लिहून ठेवा. जिमच्या बाबतीत सगळा फरक तेवढ्यानेच पडला, कुणीतरी खरं काय ते सांगितलं.

मग 'सर्वांत लहान सैनिक' ही पाटी योग्य आहे की नाही? मला वाटतं, राहू द्यावी, पण विक्रमासारखी वाचू नये. विक्रम करणारा स्वतः करतो. हा आकडा जिमने एकट्याने केलेला नाही. तो बऱ्याच मोठ्या माणसांनी मिळून केला आहे. २००० साली संयुक्त राष्ट्रांनी अठराखालच्या मुलांना प्रत्यक्ष लढाईत उतरवू नये असा करार मंजूर केला. नियम आता अधिक स्पष्ट आहे. पण नियम १९१५ मध्येही होता. प्रश्न तेव्हाही हाच होता आणि आजही हाच आहे : टेबलापलीकडच्या माणसाला खरं उत्तर हवंय का?

तर मंडळी, आजच्या भागात एवढंच. तुमच्या गावात महायुद्धाची अशी पाटी असेल तर तिचा फोटो काढून आम्हाला पाठवा, जमल्यास त्यावर एक भाग करू. भाग आवडला तर एखाद्या नववी-दहावीतल्या पोराला नक्की ऐकवा, आणि ऐकवून झाल्यावर त्याला काय वाटलं ते विचारा. पुढच्या भागात भेटू. तोवर नमस्कार!